मदत हवी आहे: लेझर स्कॅनची जोडणी ३ मिमी म्हणते, टोटल स्टेशन १८ मिमी. खरं काय मानायचं?

नमस्कार मंडळी,

एका जुन्या दगडी इमारतीचं दस्तऐवजीकरण करतोय. तिवईवरच्या लेझर स्कॅनरने आतबाहेर स्कॅन घेतले आणि क्लाउड-टू-क्लाउड पद्धतीने (म्हणजे खुणा न लावता, स्कॅनमधले सामाईक भाग एकमेकांवर जुळवून) जोडले. सॉफ्टवेअरच्या अहवालात सरासरी चूक ३ मिमी. पण लांब व्हरांड्याच्या दोन टोकांमधलं अंतर टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं सर्वेक्षणाचं यंत्र) तपासलं, तर १८ मिमीचा फरक! माहितीपत्रकात १० मीटरवर २ मिमी छापलंय, मग हे बाकीचे मिलिमीटर आले कुठून?

माझा अंदाज असा: व्हरांडा अरुंद, खांब सगळे सारखे, स्कॅन एकापुढे एक. दर जोडणीत थोडीथोडी चूक साचत गेली, आणि शेवटचा स्कॅन पहिल्याशी कुठेच जुळवलेला नाही. म्हणजे ३ मिमी हा आकडा शेजारशेजारच्या स्कॅनचं आपापसात किती पटलं एवढंच सांगतो. बरोबर ना?

नकाशे १:५० चे हवेत. कागदावरचे ०.२ मिमी म्हणजे जागेवर १० मिमी, तेव्हा १८ खपणार नाहीत. शिवाय एका भिंतीचा फुगवटा पुढे पुन्हा मोजून ताडून बघायचाय. सगळं परत स्कॅन करावं लागेल का?

आणखी एक. संगमरवरी पट्ट हाताला गुळगुळीत, पण स्कॅनमध्ये खरखरीत दिसतो. पावडर फवारा असं कृपया सुचवू नका, त्या दगडावर मी काहीही उडवणार नाही.

प्रतिसाद:

अंदाज बरोबर आहे. स्कॅनमध्ये पुरेसा सामाईक भाग असेल तर पुन्हा स्कॅन नको. टोटल स्टेशनचा बंद ट्रॅव्हर्स फिरवा (म्हणजे जागोजागी यंत्र लावत मोजत जा आणि सुरुवातीच्या बिंदूवरच परत या), इमारतीवरचेच ठळक बिंदू मोजा आणि जोडणी त्यांवर बांधून घ्या. धारेवरचे बिंदू मात्र टाळा: तिथे किरण अर्धा पुढच्या, अर्धा मागच्या पृष्ठभागावर पडतो आणि हवेतच खोटे बिंदू उमटतात. त्यापेक्षा तीन सपाट पृष्ठभाग मिळतात तो कोपरा घ्या. काही बिंदू जोडणीत न वापरता फक्त तपासणीला राखून ठेवा. अहवालात अचूकता म्हणून त्यांवरचा फरक द्या, ३ मिमी नव्हे.

संगमरवरात लेझर किंचित आत शिरून विखुरतो, म्हणून ती खरखर. अंतरही जरा जास्तच येतं, त्यामुळे नुसतं गुळगुळीत करून भागत नाही. तेवढ्या पट्टासाठी फोटोग्रॅमेट्री (अनेक फोटोंवरून त्रिमितीय मोजणी) करा, मोजमाप टोटल स्टेशनने मोजलेल्या त्याच बिंदूंवरून द्या.

फुगवट्यासाठी संदर्भखुणा त्या भिंतीवर नकोत. न हलणाऱ्या जागी पक्क्या रोवा. आणि तिथे कुणी हातात धरून चालत फिरवायचा स्कॅनर सुचवला तर नाही म्हणा, त्याची चूक सहसा सेंटिमीटरात असते.