यकृत प्रत्यारोपणाला मूलपेशी पर्याय ठरतील का?

मूळ मांडणी
थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली माणसावर यकृत प्रत्यारोपणाची पहिली शस्त्रक्रिया केली. आज ही शस्त्रक्रिया रुळली आहे, पण दात्यांचा तुटवडा कायम आहे आणि यादीत नाव असलेले कितीतरी रुग्ण वाट पाहतच दगावतात. ही कोंडी फोडण्याची सर्वाधिक क्षमता मूलपेशींमध्ये, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या पेशींमध्ये आहे, असे माझे मत आहे. टोकियोत २०१९ साली युरिया चक्राचा (विषारी अमोनिया निकाली काढणाऱ्या यकृतातील प्रक्रियेचा) जन्मजात दोष असलेल्या, अवघ्या सहा दिवसांच्या बाळाच्या यकृतात भ्रूणीय मूलपेशींपासून घडवलेल्या १९ कोटी यकृतपेशी सोडण्यात आल्या. इतक्या लहान जिवाला प्रत्यारोपण झेपत नाही. मधले महिने या पेशींनी निभावून नेले आणि पुढे वडिलांच्या यकृताचा भाग त्याला बसवता आला.

प्रतिसाद १
उदाहरण खरे आहे, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. त्या बाळाच्या यकृताची घडण शाबूत होती, उणीव होती ती एका विकराची (एन्झाइमची). सिरॉसिसमध्ये अवयवाची घडणच बिघडते. व्रणाच्या तंतूंनी रक्ताची वाट अडते, यकृताकडे येणाऱ्या शिरेतील दाब वाढतो आणि तेथे सोडलेल्या पेशींना रुजायला जागा उरत नाही. ब्रिटनमधील ८१ सिरॉसिसग्रस्तांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात औषधाने अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तात उतरवल्या होत्या आणि एका गटाला त्या वेगळ्या काढून परतही दिल्या होत्या. तरीही नेहमीच्या उपचारांपेक्षा यकृताचे कार्य सुधारले नाही, उलट पेशी दिलेल्या गटात गंभीर दुष्परिणाम अधिक आढळले. अशा आशेवर विसंबून घरच्यांनी दात्याचा शोध लांबवला, तर प्रत्यारोपणाची योग्य वेळ हातची जाते, ही माझी खरी काळजी आहे.

मूळ लेखक
काळजी रास्त आहे. वेळ दवडावा असे मी कोणालाही सुचवणार नाही. परंतु एका प्रकारच्या पेशींचे अपयश सर्वांच्या माथी मारू नये. हिपॅटायटिस बी मुळे यकृत एकाएकी निकामी होऊ लागलेल्या ११० रुग्णांवरील चिनी चाचणीत (२०१७) दात्यांच्या अस्थिमज्जेतील मेसेनकायमल पेशी (मूलपेशींचा एक प्रकार) दिलेल्यांपैकी ७३.२ टक्के रुग्ण २४ आठवड्यांनंतर हयात होते, तर इतरांपैकी ५५.६ टक्के. त्यांच्यात गंभीर जंतुसंसर्गही कमी झाला. या पेशी नवे यकृत बनून नव्हे, तर दाह शमवून उपयोगी पडतात असे मानले जाते, आणि दात्याची वाट पाहणाऱ्याला तेवढी उसंतही मोलाची असते.

प्रतिसाद २
आपण दोघेही रुग्णाच्या यकृताबद्दल बोलत आहात. मला दात्याच्या यकृताचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. पित्तनलिका खराब झाल्याने काही दान केलेली यकृते वाया जातात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ साली पित्ताशयातील पेशींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड (अवयवासारखे सूक्ष्म पेशीपुंज) शरीराबाहेर यंत्रावर जिवंत ठेवलेल्या यकृतात सोडले आणि नलिकांची डागडुजी झाल्याचे दाखवले. रूढ अर्थाने त्या मूलपेशी नव्हत्या, पण दिशा तीच आहे.

प्रतिसाद १
या दिशेला माझा विरोध नाही. मात्र तो प्रयोग शरीराबाहेरच थांबला होता; ती यकृते कोणा रुग्णाला बसवली नव्हती. टोकियोतील बाळालाही अखेर यकृत लागलेच. तेव्हा शीर्षकातील ‘पर्याय’ हा शब्द काढून तेथे ‘पूरक’ लिहावे, ही विनंती.

मूळ लेखक
सिरॉसिसपुरते मी ते मान्य करतो. जेथे केवळ एक विकर कमी आहे, त्या जन्मजात आजारांसाठी मात्र मी ‘पर्याय’ हा शब्द आजच सोडणार नाही.