शाहूपुरी ऑफिस ते शिरोली फौंड्री, इंटरकॉम नेटवर्कवरून जोडता येईल का?

प्रश्न: दोन्हीकडं जुने ईपीएबीएक्स (ऑफिसातली अंतर्गत फोन एक्सचेंज) आहेत, मध्ये व्हीपीएन (दोन्ही जागा इंटरनेटवरून जोडणारं खाजगी नेटवर्क) चालू आहे. भट्टीवरच्या लोकांना मोबाईलची रिंग ऐकूच येत नाही म्हणे! एक्स्टेंशनवरून थेट लागेल?

उत्तर १: लागेल की भावा. दोन्ही टोकांना एसआयपी गेटवे बसवा, म्हणजे फोनचा आवाज नेटवर्कवरून नेणारा डबा. त्याचा एफएक्सएस पोर्ट (फोन लाइन देणारा) एक्सचेंजच्या ट्रंक पोर्टला (बाहेरची लाइन लागते तो). एक्स्टेंशनचे नंबर वेगळे ठेवा, इकडं 2 नं सुरू, तिकडं 3 नं. भट्टीजवळ मोठी घंटा हवीच.

उत्तर २: जी.711 कोडेक (आवाज डिजिटल करायची पद्धत) असेल तर एका कॉलला प्रत्येक दिशेनं साधारण 90 केबीपीएस धरा, व्हीपीएनवर आणखी थोडं. जी.729 या जास्त दाबणाऱ्या कोडेकला निम्म्याहून कमी. राउटरवर आवाजाला प्राधान्य द्या, नाहीतर ड्रॉइंगची फाइल निघाली की बोलणं तुटलंच.

प्रश्नकर्ता: बाहेरचे कॉलपण त्यातनंच फिरवू?

उत्तर १: ते नको. त्याला दूरसंचारचे नियम आहेत, आधी विचारून घ्या.