सल्ला हवा : गेममधल्या संगणकचालित साथीदाराचे वर्तन खेळाडूला किती ठरवू द्यावे?

ढालकरी :
नमस्कार. आम्ही काही मित्र एक छोटा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत. ज्याला जोडीला माणूस मिळत नाही, अशा खेळाडूसोबत संगणकाने चालवलेला एक उपचारक द्यायचा आहे. त्याच्यासाठी आक्रमक, बचावात्मक आणि शांत अशी तीन बटणे पुरतील, की नियमांची यादी द्यावी, की थेट स्क्रिप्ट (वर्तन ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) लिहू द्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निशाचर_खेळिया :
माझे मत नियमांच्या यादीला. 'फायनल फँटसी १२' (२००६) हा एकट्याने खेळायचा गेम असला, तरी त्यातली 'गॅम्बिट' पद्धत जरूर अभ्यासावी. प्रत्येक ओळीत एक अट आणि एक कृती असते, आणि वरून खाली पाहत जाताना जी अट पहिल्यांदा लागू पडेल तीच कृती होते. मौज या क्रमातच आहे. समजा, 'सोबत्याची हेल्थ ७० टक्क्यांखाली गेली की उपचार' ही ओळ वर आहे आणि 'विष उतरवणे' खाली. अशा वेळी विषाने हेल्थ घटत राहते, उपचारक ती भरत राहतो, खालच्या ओळीची पाळीच येत नाही आणि सगळा मॅना (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) संपून जातो. ओळींची अदलाबदल केली की प्रश्न सुटतो. पण ते खेळाडूच्या लक्षात यायचे, तर आत्ता कोणती ओळ लागू झाली हे पडद्यावर दिसलेच पाहिजे. बहुतेक गेम नेमके हेच दाखवत नाहीत.

कोकणचा_जादूगार :
यादी हवीच, पण तीन बटणेही काढू नका. 'गिल्ड वॉर्स : नाइटफॉल'मध्ये (२००६) हिरोंना (संगणकाने चालवलेल्या साथीदारांना) लढा, रक्षण करा आणि लढाई टाळा असे तीन पवित्रे होते. त्याखेरीज नकाशावर झेंडा रोवून त्यांना ठरावीक जागी उभे करता येई आणि नको ते स्किल (लढाईतले कौशल्य) बंदही ठेवता येई. यादी लढाईआधी निवांतपणे मांडायची असते. ऐन धुमश्चक्रीत एका क्लिकवर ऐकणारा साथीदारच लागतो.

स्क्रिप्टचे मात्र जपून. 'रॅग्नारोक ऑनलाइन'मध्ये होमन्क्युलसचे (खेळाडूसोबत लढणाऱ्या कृत्रिम प्राण्याचे) वर्तन लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फायली बदलून ठरवता येते. हौशी मंडळींनी त्यावर अफलातून काम केले आहे, परंतु ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही तो दुसऱ्याची फाईल उतरवून घेतो, आणि स्वतः काही ठरवण्याचा आनंद तिथेच संपतो. शिवाय खेळाडू जागेवर नसतानाही साथीदार शिकार करत राहिला, तर मिळालेल्या वस्तूंचा सुकाळ होऊन गेममधल्या बाजारातले भाव कोसळायला वेळ लागत नाही.

ढालकरी :
आभार. ओळी साधारण किती असाव्यात?

निशाचर_खेळिया :
सुरुवातीला चार-पाच पुरेत. 'द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'मध्ये २०२१ साली आलेल्या साथीदारांना पाच स्किल आणि एक अल्टिमेट (सर्वांत जबर खास स्किल) एवढेच देता येते, आणि स्किल कोणत्या क्रमाने मांडले यावरच प्राधान्य ठरते. वेगळा नियमफलक शिकावा लागत नाही. मात्र तुमच्या गेममध्ये दोन खेळाडूंचे दोन उपचारक एकत्र आले, तर दोघेही एकाच जखमी गड्यावर एकाच क्षणी उपचार करतील. त्यासाठी मंत्र सुरू होतानाच सर्व्हरवर 'या गड्यावर उपचार चालू आहे' अशी नोंद करावी, म्हणजे दुसरा उपचारक ती पाहून यादीतल्या पुढच्या ओळीकडे वळेल.