पेट्रोल किती महागले, हे कशाशी ताडून पाहायचे?

आणेवारी (धागाकर्ता)

पंपावर आपण लिटरमध्ये क्वचितच बोलतो. ‘दोनशेचे टाका’ म्हणतो, मापात मारले जाऊ नये म्हणून ‘दोनशे दहाचे’ म्हणणारेही असतात, आणि कर्मचाऱ्याने ‘झिरो बघा’ म्हटले की नजर रुपयांच्या आकड्यावर खिळते. त्याच्याखाली लिटरच्या रकान्यात काय उमटले, ते पाहण्याआधी मागची गाडी हॉर्न वाजवू लागलेली असते. शंभराच्या नोटेत पूर्वीइतके पेट्रोल येत नाही ही तक्रार म्हणूनच सर्वांच्या तोंडी आहे. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे असे माझे मत आहे, कारण भाव आपण आजचा घेतो आणि त्याच्यापुढे ठेवायची मिळकत मात्र मनातल्या मनात जुनीच धरतो.

मे २०१४ मध्ये मुंबईत पेट्रोल लिटरला सुमारे ८० रुपये होते. मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांची कपात झाल्यानंतर ते १०४ रुपये २१ पैसे झाले, म्हणजे दहा वर्षांत साधारण तीस टक्के वाढ झाली. सर्वसाधारण महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक (आधारवर्ष २०१२ = १००) २०१४-१५ च्या सुमारे ११९ या सरासरीवरून २०२३-२४ मध्ये सुमारे १८४ वर गेला. ही वाढ पंचावन्न टक्के भरते. पेट्रोलने सर्वसाधारण महागाईच्या चालीने पावले टाकली असती, तर मुंबईकराला लिटरमागे १२४ रुपये मोजावे लागले असते. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत भाव १२० च्या वर गेला होता तेव्हा उडालेला हलकल्लोळ आठवतो. त्या भावालाही पेट्रोलची वाढ सर्वसाधारण महागाईच्या फार पुढे गेलेली नव्हती.

आता मजुरीकडे पाहू. मी मुद्दाम रोजगार हमीचा दर घेतो, कारण तो राजपत्रात छापून येतो. शेतावरची मजुरी गावागणिक आणि हंगामागणिक बदलत असल्याने तिच्यावर वाद संपत नाही. महाराष्ट्रात हा दर २०१४-१५ मध्ये दिवसाला १६८ रुपये होता आणि २०२४-२५ मध्ये २९७ रुपये झाला. मुंबईचाच भाव धरला, तर दिवसभराच्या मजुरीत पूर्वी जेमतेम दोन लिटर आणि शंभर मिलिलिटर पेट्रोल येत असे, ते २०२४ मध्ये पावणेतीन लिटरच्या वर गेले. सबब, ज्याची मिळकत वाढत राहिली त्याच्यापुरते पेट्रोल स्वस्त झाले आहे. यात चूक असेल तर आकड्यांनिशी दाखवावी.

परभणीकर

आकड्यांत चूक नाही. चूक आहे ती एक लिटर धरून बसण्यात.

आधी एक लहान दुरुस्ती. मुंबईचा भाव हा महाराष्ट्राचा भाव नव्हे. आमच्याकडे पेट्रोल मनमाडच्या डेपोतून तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून येते, आणि त्या वाहतुकीचा भार लिटरवर चढत असल्याने राज्यातल्या सर्वांत महाग भावांच्या बातम्यांत परभणीचे नाव वर्षानुवर्षे झळकत आले आहे. पण तो मुद्दा दोन-तीन रुपयांचा आहे, तो सोडून देतो.

खरा मुद्दा असा की २०१४ मध्ये माझ्या पुतण्याच्या घरी पेट्रोलवर खर्चच नव्हता. तो गावातच काम करी आणि तालुक्याला जायचे झाले तर एसटीने जाई. २०२१ च्या नोव्हेंबरपासून एसटीचा संप महिनोन्महिने चालला, त्या काळात त्याने हप्त्यावर मोटारसायकल घेतली, आणि संप मिटल्यावर आमच्या फाट्यावर सकाळची गाडी वेळेवर येण्याचा भरवसा न राहिल्याने मोटारसायकल सुटली नाही. जाऊन-येऊन ४४ किलोमीटर होतात. गाडी रस्त्याच्या आजच्या अवस्थेत लिटरला पन्नास देते, म्हणजे दिवसाला नव्वद-पंचाण्णव रुपये गेले, आणि दुकानात त्याला रोज मिळतो ४०० रुपये. त्याची बायको मार्च २०२३ पासून एसटीत अर्ध्या तिकिटात जाते, ही त्या घराला मिळालेली खरी सवलत म्हणायची.

आपण म्हणता लिटर हलका झाला. झाला असेल, पण शून्य लिटरवरून महिन्याला वीस-बावीस लिटरवर आलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? आपण ज्या निर्देशांकाशी तुलना करता, त्यातली टोपली, म्हणजे वस्तूंची यादी आणि त्यांचे वाटे, २०११-१२ च्या खर्चाच्या पाहणीवरून भरलेली आहे. तीत वाहनाच्या पेट्रोलचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास धरलेला आहे, आणि तोही ‘इंधन व प्रकाश’ या गटात नसून वाहतुकीच्या गटात बसवलेला आहे. माझ्या पुतण्याचा पेट्रोलवरचा खर्च रोजाच्या बावीस-तेवीस टक्के भरतो. त्या टोपलीत तो कुठे दिसतो?

कोरडा हिशेब

परभणीकरांचा मुद्दा रास्त आहे. मला मात्र धागाकर्त्यांनी निवडलेल्या आरंभबिंदूबद्दल बोलायचे आहे.

मे २०१४ का? दिल्लीत तेव्हा भाव ७१ रुपये ४१ पैसे होता. आपण १ मार्च २०१६ पासून मोजायला सुरुवात केली असती, तर दिल्लीचा भाव ५६ रुपये ६१ पैसे मिळाला असता. तेथून मार्च २०२४ च्या ९४ रुपये ७२ पैशांपर्यंतची वाढ सदुसष्ट टक्के होते, आणि २०१५-१६ पासून निर्देशांक मात्र पन्नास टक्केही वाढलेला नाही. म्हणजे निष्कर्ष सरळ उलटा होतो. मजुरीचेही तसेच. मार्च २०१६ मध्ये मुंबईचा भाव ६३ रुपयांच्या आसपास आणि रोजगार हमीचा दर १८१ रुपये होता, म्हणजे तेव्हाही दिवसाच्या मजुरीत पावणेतीन लिटरच्या वर पेट्रोल येतच होते. आपण जी दहा वर्षांची प्रगती सांगता, ती पहिल्या दोन वर्षांतच होऊन गेली आणि पुढची आठ वर्षे मजूर जागच्या जागी राहिला.

दुसरे असे की २०१३-१४ मध्ये भारताला कच्चे तेल पिंपाला सरासरी १०५ डॉलरला पडत होते आणि डॉलर साठ रुपयांच्या घरात होता; २०२३-२४ मध्ये तेल सुमारे ८३ डॉलर आणि डॉलरही ८३ रुपयांच्या घरात. पिंपात १५९ लिटर असतात, तेव्हा भागाकार केला की कच्चे तेल लिटरमागे ४० रुपयांवरून ४३ रुपयांवर आले असे दिसते. कच्च्या मालात दहा वर्षांत तीन रुपयांची वाढ आणि पंपावर चोवीस रुपयांची! मधल्या फरकातला मोठा वाटा करांचा आहे: केंद्राचे उत्पादन शुल्क २०१४ च्या मध्यावर लिटरला ९ रुपये ४८ पैसे होते, ते मे २०२० मध्ये ३२ रुपये ९८ पैशांपर्यंत चढले आणि दोन कपातींनंतर मे २०२२ मध्ये १९ रुपये ९० पैशांवर आले. महागाईपेक्षा कमी वाढले म्हणून आपण समाधान मानतो, पण तुलना महागाईशी करायची की मूळ मालाशी, हे आधी ठरवायला हवे.

आणेवारी

मार्च २०१६ निवडणे म्हणजे ओहोटीला खाडीचे पाणी मोजणे होय. त्या जानेवारीत कच्चे तेल तीस डॉलरच्याही खाली गेले होते.

कोरडा हिशेब

आणि मे २०१४ म्हणजे भरतीची वेळ.

आणेवारी

मान्य. म्हणून दोन्ही टोके सोडून दरवर्षीच्या सरासरीचा तक्ता करणे योग्य ठरेल, आणि तो मी करीन. करांचा मुद्दाही नाकारत नाही, फक्त तो वेगळा प्रश्न आहे असे मला वाटते: पेट्रोल किती स्वस्त असायला हवे होते हे एक, आणि आहे त्या भावात मजुराला ते किती परवडते हे दुसरे. माझा धागा दुसऱ्याबद्दल होता. परभणीकरांनी मात्र मला खरोखर अडवले आहे, कारण एका लिटरचे ओझे मोजताना डोक्यावर किती लिटर आहेत हे मी विचारलेच नव्हते. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलची बाब त्यांनी काढली नाही, ती त्यांच्याच बाजूची आहे: निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच मान्य केले आहे की वीस टक्के मिश्रणामुळे जुन्या धर्तीच्या दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्के घटते. हिशेब लिटरऐवजी किलोमीटरचा मांडला, तर तेवढी भाववाढ न बोलता झालेली असते.

निवृत्त साखर कामगार

आपल्या पहिल्या टिपणातले ‘ज्याची मिळकत वाढत राहिली’ हे शब्द मी दोनदा वाचले. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले आणि आपण घेतलेल्या २०२४ सालापर्यंत ते १,००० रुपयेच होते. त्यास महागाई भत्ता जोडलेला नाही. ठरले त्या महिन्यात मुंबईच्या भावाने त्यात तेरा लिटर येत होते, मार्च २०२४ मध्ये साडेनऊ आले. माझे निवृत्तिवेतन किमानाच्या थोडेसे वर आहे एवढेच. दवाखाना घरापासून सहा किलोमीटर आहे, पूर्वी स्कूटर काढत असे. आता शेजाऱ्याची गाडी त्या बाजूला जायची असेल त्या दिवशी जातो.

आणेवारी

काका, आपल्याला माझे गणित लागू होत नाही. तक्त्यात रोजगार हमीच्या ओळीखाली १,००० रुपयांची ओळही घालतो. तिच्यात दरवर्षी फक्त लिटरचा आकडा बदलेल.