एअर रायफल आणि लायसन

छंद म्हणून रायफल घ्यायची तर लायसन लागतंच का, हा काकांचा प्रश्न अर्धवट राहिला म्हणून लिहितोय. ४.५ मिमी कॅलिबर (म्हणजे नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत जोर (म्हणजे सुटणाऱ्या छर्ऱ्याची ऊर्जा; ज्यूल हे तिचं माप) असलेल्या एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या रायफलला, लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी लागतं. आता गंमत बघा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८० मीटरने सुटला तर १९.६ ज्यूल, ३०० ने सुटला तर थेट २२.५! त्यामुळे डब्यावरच्या वेगाला भुलू नका, दुकानदाराकडून ज्यूलचा आकडा पावतीवर लिहून घ्या. तसाही १० मीटरच्या टार्गेटला एवढा जोर लागतो कुठे? चाप हलका आणि छर्रे एकसारखे असले की झालं. स्प्रिंगवाली घेतलीत तर छर्रा न भरता चाप ओढू नका, आतला पिस्टन आदळून हवा अडवणाऱ्या सीलची वाट लागते. (राजवाड्याकडची आमची भाचेमंडळी नेमकं हेच करतात.)

.२२ इंच कॅलिबरची रायफल हवी असेल तर मात्र कलेक्टर कचेरीत अर्ज, पोलीस चौकशी, सगळं आलंच. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन पाच वर्षांचं, आणि आपल्यासारख्यांना शस्त्रं जास्तीत जास्त दोन. आजोबांची वारशाने आलेली बंदूकही त्यात धरतात.