मदत हवी आहे: टायगर रणगाडा तिरका किती उभा करावा?

‘वॉर थंडर’ या युद्धविषयक व्हिडिओ गेममध्ये टायगर-१ हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाडा चालवताना तो शत्रूसमोर किंचित तिरका उभा केला, की समोरच्या १०० मिलिमीटर चिलखतातून तोफगोळ्याला अधिक जाडी भेदावी लागते, मात्र कोन जरा वाढला, की ८० मिलिमीटरची बाजू उघडी पडते. ही केवळ खेळाडूंची क्लृप्ती नव्हे, कारण १९४३ साली जर्मन सैन्याने रणगाड्यावरील जवानांसाठी काढलेल्या सचित्र पुस्तिकेतही हाच सल्ला होता, आणि म्हणूनच मला हा विषय विशेष मोलाचा वाटतो. टी-३४-८५ हा सोव्हिएत रणगाडा समोर असताना साधारण किती अंशांचा कोन ठेवावा? तसेच प्रत्यक्ष लढाईच्या धामधुमीत हा सल्ला कितपत पाळला जात असे, याविषयी त्या जवानांच्या आठवणी किंवा लष्करी अहवाल कोणाच्या वाचनात आले असल्यास कृपया कळवावे.