मदत हवी आहे: मेंदूच्या एमआरआय डेटासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

नमस्कार मंडळी. पणजीत आमचा छोटासा संशोधन गट आहे, म्हाताऱ्या माणसांच्या विस्मरणावर काम चाललंय. स्कॅन आजवर हार्ड डिस्कवर साठत गेले. फोल्डरांची नावं बघाल तर 'फायनल', 'फायनल नवीन', 'हेच वापरा'! एकाच पेशंटचा पहिला आणि वर्षानंतरचा स्कॅन जुळवायचा म्हणजे अर्धा दिवस गेलाच.

एक्सनॅट हे स्कॅन साठवायचं सॉफ्टवेअर पाहिलं. फुकट, ओपन सोर्स, डायकॉम (स्कॅन मशीनमधून निघणाऱ्या) फाइली थेट घेतं; पण पोस्टग्रेस डेटाबेस, टॉमकॅट वेब सर्व्हर सगळं सांभाळायला माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. दुसरं सॉफ्टवेअर लोरिस, मॉन्ट्रियलचं. स्मरणशक्तीच्या चाचण्यांचे गुण आणि स्कॅन एकाच जागी ठेवतं, वर्षानुवर्षं चालणाऱ्या अभ्यासांसाठीच बनलंय, म्हणून माझा कल तिकडे. तिसरं ऑर्थँक हलकं, पण मुळात डायकॉम सर्व्हर, म्हणजे फक्त स्कॅनच्या फाइलींसाठी. मग चाचण्या ठेवायच्या कुठे? की सध्या बिड्सच्या (मेंदूच्या स्कॅनच्या फोल्डर-फाइलींची नावं आणि रचना ठरवून देणारं मानक) पद्धतीने फोल्डर लावून भागेल?

दुसरी काळजी पेशंटची ओळख उघड होण्याची. नाव, जन्मतारीख डायकॉम हेडरमध्येच असते. ती काढली तरी टी-वन (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) स्कॅनवरून चेहरा उभा करता येतो, म्हणजे डिफेसिंग, स्कॅनमधला चेहरा पुसणं, आलंच. ते तुम्ही डेटाबेसात चढवण्याआधी करता की नंतर? मूळ फाइली वेगळ्या ठेवता का?

आणि हो, पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा भरवसा नाही. यूपीएस लावून सर्व्हर ऑफिसातच ठेवावा की क्लाउडवर न्यावा? लोरिस कोणी स्वतः बसवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.